लेकरांचा अभ्यास आणि घरातला श्रोता



नेहमीचे निरूपण या खेपेस बाजूला ठेवून लेकरांच्या शाळेविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. कोणी म्हणेल, बुवांनी आपला वीणा सांभाळावा, शाळेची उठाठेव त्यांना कशाला? पण सप्ताहाच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते. रात्री कीर्तन आटोपले, मंडळी ओसरीवर टेकली, की देवाधर्माच्या गोष्टी थोड्या वेळात संपतात आणि गाऱ्हाणी सुरू होतात ती लेकरांची. पोरगं रोज शाळेत जातं, पण पदरात काही पडत नाही. पोरगी हुशार होती, सातवीपासून कुठं बिनसलं कळत नाही. आणि शेवटी एक वाक्य हमखास येते, “बुवा, आम्ही अडाणी माणसं. आम्ही काय शिकवणार?”

या वाक्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख. उत्तर थोडक्यात असे की, तुम्हांला शिकवावयाचे नाहीच. शिकविणे हे गुरुजींचे आणि बाईंचे काम. तुमचे काम ऐकण्याचे आहे. ऐकणे वारकऱ्याला नवीन नाही, नवविधा भक्तीत श्रवण पहिले सांगितले आहे. फक्त आजवर आपण बुवांचे ऐकत आलो, आता घरी लेकराचे ऐकावयाचे, एवढाच फरक.

पण दुसऱ्याला सांगण्यापूर्वी माझी स्वतःची चूक सांगतो. १९९६ सालची गोष्ट. माझा थोरला मुलगा तेव्हा चौथीत होता. सहाव्या वर्षी त्याचा हरिपाठ तोंडपाठ होता, आठव्या वर्षी गीतेचा पंधरावा अध्याय. कुठे जवळपास कीर्तन असले की मी त्याला बरोबर नेई आणि आधी पुढे उभा करी. पोरगा खणखणीत म्हणे, लोक माना डोलावीत, कोणी म्हातारी दोन रुपये हातावर ठेवी. मला वाटे, लेकरू विद्वान होणार. बापाचा अहंकार, दुसरे काय.

त्या वर्षी त्याच्या शाळेत नवीन गुरुजी आले होते. त्यांनी मला बोलावून घेतले. मुलाला पुस्तकातला एक धडा काढून दिला, तो त्याने न अडखळता म्हटला. मी खूश. मग गुरुजी म्हणाले, “बुवा, तुमच्या पिशवीत वर्तमानपत्र दिसतंय, ते जरा द्या.” त्यातल्या चार ओळी त्यांनी मुलापुढे धरल्या. मुलगा गप्प. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. पहिल्या शब्दातले पहिले अक्षर कसेबसे सांगितले, माझ्याकडे पाहिले आणि रडू लागला. तीन वर्षे तो वाचत नव्हता हो, ऐकून पाठ करून म्हणत होता! शेजारच्या पोराचे एकदा ऐकले की धडा त्याच्या तोंडात बसे. इतकी त्याची धारणा चांगली, आणि त्या धारणेच्या आडच त्याने वाचता न येणे लपवून ठेवले होते.

मी अमरकोश घोकलेला, लघुकौमुदी शिकलेला, एकेका शब्दाचा अर्थ फोडून सांगत गावोगाव हिंडणारा माणूस. आणि माझ्याच घरात हे. घरी येऊन मी त्याला मारले. ते अजून मनातून जात नाही.

आमच्या मंडळींचे शिक्षण दुसरीपर्यंतचे. त्या दिवशी भाकरी थापता थापता त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. आलात की ‘पाठ झालं का’ एवढंच विचारता. त्याला काय समजलं ते कधी विचारलंत का?” मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलाला चुलीपाशी बसवून घेतले. किराणा यायचा तो कागदाच्या पुड्यांत. तोच पुडीचा कागद सोडून त्याच्या हातात द्यावयाचा, “यात काय लिहिलंय ते सांग, मला चष्म्याशिवाय दिसत नाही.” त्यांना चष्मा नव्हताच! मुलगा अक्षर अक्षर जुळवी. अडले की त्या थांबत, बोलत नसत. वाक्य पुरे झाले की म्हणत, “मग पुढं काय झालं?” सहा महिन्यांत सगळे ठीक झाले असे लिहिले तर ते खोटे होईल. चांगले दीड वर्ष लागले. पाचवीच्या अखेरीस तो नवा कागद हातात धरून वाचू लागला. त्या दीड वर्षात मी त्याला काही शिकविले नाही आणि त्याच्या आईनेही नाही. तिने ऐकले.

हे असे का व्हावे, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला, तेव्हा माझ्याच पाठशाळेतली गोष्ट आठवली. सकाळी गुरुजींनी संथा द्यावयाची, ती आम्ही घोकावयाची, हे सर्वांना ठाऊक असते. पण संध्याकाळी चिंतनिका असे, ती लोक विसरतात. दिवसभरात जे झाले ते विद्यार्थी एकमेकांसमोर बसून, पोथी मिटून, आपल्या शब्दांत मांडीत. एकाने सांगावयाचे, दुसऱ्याने शंका काढावयाची. जो सांगे त्याला आपले कुठे अडते ते तिथल्या तिथे कळे. संस्कृतात एक जुने वचन आहे, त्याचा भाव असा की, विद्येचा पाव हिस्सा गुरूकडून मिळतो, पाव स्वतःच्या बुद्धीने, पाव सहाध्यायांकडून आणि उरलेला पाव काळाने पिकतो. म्हणजे शाळेचा वाटा चार आण्यांचाच! बाकीचे बारा आणे शाळेबाहेर कमवावयाचे आहेत. आम्ही घोकंपट्टी तेवढी उचलली आणि चिंतनिका पाठशाळेतच ठेवून आलो.

अलीकडे शिक्षणशास्त्राचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. धडा दहा वेळा वाचण्यापेक्षा, एकदोनदा वाचून पुस्तक मिटावे आणि आठवून सांगावे, तर तो अधिक दिवस टिकतो. आणि एकाच रात्री चार तास बसण्यापेक्षा, दिवसांचे अंतर ठेवून तेच पुन्हा आठवावे, ते अधिक मुरते. नेमाचे महत्त्व वारकऱ्याला का पटवून द्यावयास पाहिजे?

तेव्हा नेम असा असावा. रोज पाव तास. दिवेलागणीला हरिपाठ होत असेल तर त्याला लागूनच. आईने, बापाने, आजीने, जो घरी असेल त्याने बसावे. “आज शाळेत काय झालं?” असे मोघम विचारू नये, त्याला “काही नाही” हेच उत्तर येते. विचारावे, “आज बाईंनी फळ्यावर काय काढलं? ते मला समजावून सांग.” मुलगी म्हणेल, पानात अन्न तयार होतं. तुम्ही म्हणावे, “पानात कसं? चूल कुठाय तिथं?” मग ती सूर्यप्रकाश सांगेल, मुळातून येणारे पाणी सांगेल, हवेतला वायू सांगेल. सांगताना जिथे अडेल तिथे रागावू नये. “उद्या बाईंना विचारून ये, मलाही ऐकायचंय” एवढे म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारावे. हे दुसऱ्या दिवशी विचारणेच खरे. लेकराला कळते की माझे सांगणे कोणीतरी धरून ठेवले आहे.

या कामात अडाणी आईबाप कमी पडत नाहीत, उलट काकणभर सरसच ठरतात. शिकलेला बाप मध्येच तोंड घालतो, “अरे असं नाही, मी सांगतो”, आणि पोराचे सांगणे बंद पडते. ज्याला खरोखरच ठाऊक नाही त्याला सांगताना लेकरू गुरू होते. लेकराला आपल्या घरच्या बोलीतच सांगू द्यावे. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो. समजलेले माणूस आपल्या बोलीत सांगू शकते, न समजलेले तेवढे पुस्तकी भाषेत म्हणते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असेच म्हटले आहे.

आम्हा कीर्तनकारांना श्रोत्याचा गुण चांगला ठाऊक असतो. समोर जांभया देणारे बसले की भले भले बुवा अर्ध्यावर कोरडे पडतात. आणि एखादाच म्हातारा पुढे सरून “हं, मग?” म्हणणारा असला तर न सुचलेले सुचते. लेकराचेही तसेच आहे. मान मोबाईलात घालून “हं हं, ऐकतोय, बोल” म्हणणारा बाप हा जांभई देणारा श्रोता होय.

गाडगेमहाराज यांचे कीर्तन ज्यांनी ऐकले होते ते सांगत की, महाराज श्रोत्यांना सारखे विचारीत. प्रश्न टाकावयाचा, लोकांच्या तोंडून उत्तर काढावयाचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. महाराजांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. पण मुलांना शाळेत घाला, त्यासाठी घरातला दुसरा खर्च कमी करा, भांडेकुंडे मोडावे लागले तरी मोडा, हे सांगणे त्यांनी १९५६ साली देह ठेवीपर्यंत सोडले नाही. अक्षर न येणारा माणूस उभ्या महाराष्ट्राला विचारते करतो, मग आपण आपल्या एका लेकराला काही विचारू शकत नाही काय?

आता वाचनाविषयी, कारण माझा हात तिथे पोळला आहे. ग्रामीण भागातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी ‘असर’ या नावाने २००५ पासून होत आली आहे. २०१८ च्या पाहणीत देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. तेव्हा आपले लेकरू वरच्या वर्गात गेले म्हणजे त्याला वाचता येतेच, असे धरून चालू नये. ज्याला स्वतःला वाचता येत नाही त्याने हे कसे ओळखावे? शाळेचे पुस्तक घेऊच नये, ते पाठ असू शकते. लग्नपत्रिका घ्यावी, बियाण्याची पिशवी घ्यावी, विजेचे बिल घ्यावे, एस्टीची पाटी वाचावयास सांगावी. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून “हा कोणता?” विचारावे. जो मजकूर आज वाचला तोच दोन दिवसांनी पुन्हा वाचून घ्यावा. दोन्ही वेळा शब्द तेच आले तर लेकरू वाचते आहे, बदलले तर अंदाजाने बोलते आहे. आणि वाचून झाले की कागद पालथा घालून, काय वाचले ते विचारावे. अडते असे दिसले तर त्यात लाज धरू नये, वर्ग कोणताही असो, मागे जाऊन बाराखडी आणि जोडाक्षरे धरावी.

पाढ्यांचे तसेच. पाढे पाठ हवेतच, त्यात मी तडजोड सांगणार नाही. पण “आठ साते किती?” विचारल्यावर पोर “आठ एके आठ”पासून सुरुवात करीत असेल तर पाढा अजून जिभेवरच आहे. त्याला बाजारात न्यावे. कांदा ३० रुपये किलो, दीड किलोचे किती झाले? पन्नासाची नोट दिली तर परत किती यावयाचे? त्याच्या तोंडून ४५ आणि ५ आले की मगच पिशवी उचलावी. घाईच्या दिवशी हे जमत नाही, मान्य. आठवड्यातून एकदा जमते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण तिच्यापायी कितीतरी लेकरे फुकट ‘ढ’ ठरतात. डोळे आणि कान. फळ्यावरचे दिसत नाही, हे लहान मुलाला सांगता येत नाही. सगळ्यांना असेच अंधुक दिसत असेल, असे त्याला वाटते. पोर पुस्तक नाकाशी धरते, दूरचे पाहताना डोळे बारीक करते, हाक मारली की दुसऱ्यांदा वळते, किंवा कान वारंवार फुटतो, तर आधी दवाखाना गाठावा, अभ्यासाचे मग पाहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून डॉक्टरांचे पथक शाळांतून व अंगणवाड्यांतून मुले तपासते. ते पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नये, आणि चष्मा लिहून दिला तर “लहान वयात कशाला” म्हणून टाळू नये.

मारण्याविषयी. चाणक्याच्या नावावर एक वचन आहे, आम्ही पाठशाळेत ते मोठ्या आवडीने म्हणत असू. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे, असा त्याचा अर्थ. लोकांच्या ध्यानात त्यातले मधले तेवढे राहते. शाळेत मुलाला मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरातल्या बापाला मात्र कोण अडविणार? वचन जुने आहे म्हणून मी ते डोक्यावर घेतले होते, आणि अनुभवाने उतरवून ठेवले. मार खाल्लेले पोर चूक सुधारीत नाही, लपविते. ज्या घरी मार बसतो त्या घरी प्रगतिपुस्तक शेवटी पोचते. आणि “बघ तो अमक्याचा मुलगा” ही तुलना मारापेक्षा कमी लागत नाही. अमक्याच्या घरी काय चालले आहे ते तुम्हांला तरी कुठे ठाऊक असते?

झोपेच्या बाबतीत आम्ही कीर्तनकारही दोषी आहोत. सप्ताहात रात्री नऊला कीर्तन उभे राहावयाचे, अकरा-साडेअकरा वाजावयाचे, आणि पुढच्या रांगेत लेकरे एकमेकांच्या अंगावर कलंडलेली. आईबापांना वाटते, पुण्य लागले. पण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्रीची नऊ तास तरी झोप हवी. ती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गात डोळे उघडे आणि मन मिटलेले. मी आता सप्ताहाच्या मंडळींना सांगतो की, शाळा चालू असतील तर लहान मुलांना संध्याकाळचा हरिपाठ पुरे, कीर्तनाला शनिवारी आणावे. काही ठिकाणी यावर नाराजी होते. होऊ द्या. मोबाईलचे वेगळे काय सांगावे? रात्री तो लेकराच्या उशाशी नसावा, आणि हे सांगणाऱ्याच्या उशाशीही नसावा.

शाळा चुकविण्याचा हिशेब आपण धरीत नाही. कापूस वेचणी आहे, घरात धाकटे आजारी आहे, पाहुणे आहेत. आणि हे सगळे बहुधा मुलीच्याच वाट्याला येते. चार दिवसांनी ती वर्गात जाते तेव्हा भागाकार पुढे गेलेला असतो, मग तिला वाटते की मलाच डोके नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण मी जाणतो, दिवाळीच्या सुमारास गेलेली मंडळी उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, म्हणजे निम्मे वर्ष गेले. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय सरकारने ठेवलेली आहे. गाडी भरण्याच्या आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही, गणपती-दसऱ्याच्या सुमारासच मुख्याध्यापकांकडे नाव सांगून ठेवावे.

आणि शाळेत जावे. गुरुजींनी बोलाविल्यावर नव्हे, आपणहून. पहिला प्रश्न “किती मार्क पडले” हा नको, “माझ्या लेकराला काय जमत नाही आणि घरी मी काय ऐकून घेऊ” हा असावा. त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती बसविली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश माणसे पालकांतली आणि एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. पुष्कळ गावी मी पाहतो, या बायका सही करून परत येतात. पंगतीत चारशे माणसांचा स्वयंपाक निभावून नेणारी बाई त्या खुर्चीवर गप्प का बसते, मला कळत नाही. दोन महिने कोणत्या वर्गाला शिक्षक नाही, नळाला पाणी का नाही, एवढे विचारावयास व्याकरण लागत नाही.

राहिली वारीची गोष्ट. शाळा उघडते जूनच्या मध्यास, आणि ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात, म्हणजे वर्षाचे पहिलेच आठवडे. नवे पुस्तक, नवे गुरुजी, त्यातच पायाभरणी होते. लहान लेकराला तीन आठवडे शाळेतून काढून बरोबर न्यावे, असे मी सांगणार नाही. फार तर पालखी जवळून जाईल त्या रविवारी दर्शनाला न्यावे, मोठे झाल्यावर ते आपल्या पायांनी येईल. पण तुम्ही दोघेही वारीला निघालात तर मागे ऐकणार कोण, हे निघण्यापूर्वी ठरवा. आजी असेल तर आजीला नेम समजावून द्या. नसेल तर शेजारच्या वहिनींना सांगा. आणि खिशात मोबाईल आहेच, त्याचा एक तरी चांगला उपयोग करा. मुक्काम सासवडला असो, लोणंदला असो की नातेपुत्याला, समाजआरती झाली की तंबूच्या बाहेर येऊन दहा मिनिटे घरी फोन लावा, आणि ‘जेवलास का’च्या पाठोपाठ विचारा, “आज बाईंनी फळ्यावर काय काढलं?”